रायझोबियम लावलं, तरी मुळावर गाठी नाहीत: सोयाबीन-हरभऱ्यात काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

जुलै सरत आला की आणि पुन्हा डिसेंबरात मला एकाच प्रकारचे फोन येतात. "बियाण्याला जिवाणूची पुडी लावली होती. आता झाड उपटून बघितलं तर मुळाला गाठीच नाहीत. पुडी बोगस होती का?" कधीकधी असते. बहुतेक वेळा नसते. लातूर-धाराशिवच्या काळ्या रानांत मी जेवढी प्रकरणं बांधावर जाऊन बघितली, त्यांतल्या बहुतेकांत घोटाळा जमिनीतही नव्हता आणि कारखान्यातही नव्हता. तो दुकानाच्या फळीपासून पेरणीच्या चाड्यापर्यंतच्या वाटेवर झाला होता. म्हणजे पुढच्या पेरणीला तो जवळपास फुकटात टाळता येतो.

रायझोबियम म्हणजे डाळवर्गीय पिकाच्या मुळावर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला पुरवणारा जिवाणू. खाली लिहिलंय ते सोयाबीन आणि हरभऱ्यापुरतं. तूर, मूग, उडीद, भुईमूग यांना तपासणीचा क्रम हाच लागू पडतो, फक्त जिवाणू वेगळा. क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे, तो मोडू नका. माती परीक्षणाला नमुना पाठवायचा आणि घरातलं रिकामं पाकीट वाचायचंच नाही, असं करणारे बरेच भेटतात.

लक्षणं

पेरणीनंतर महिनाभरानं रान फिकट दिसायला लागतं. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात आणि पूर्ण पान सारखं पिवळं होतं, शिरांसकट. वाढ खुंटते, फांद्या कमी फुटतात. एक खूण मी हमखास शोधतो: उन्हाळ्यात शेणखताचा ढीग जिथं पडला होता, तेवढ्या गोल तुकड्यात पीक काळंभोर, आणि भोवतीचं सगळं पोपटी. असं दिसलं तर बाकीच्या रानात पीक नत्राला उपाशी आहे आणि मुळावरच्या गाठी काम करत नाहीत, अशी शंका घ्यायला जागा आहे.

दुसरा प्रकार उलटा. पीक हिरवंगार, माजलेलं, आणि मुळावर गाठ औषधालासुद्धा नाही. या शेतकऱ्याला काळजी नसते, तो सहसा फोनही करत नाही. घोटाळा त्याच्याकडेही आहे. त्याचं कारण पाचव्या तपासणीत येईल.

पण पिवळेपणा दिसला की लगेच जिवाणूंवर खापर फोडू नका. आमच्या भागात तीन गोष्टींची गल्लत होते. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात झड लागून राहिली की सोयाबीन हमखास असं दिसतं. त्याला ०.५ टक्के फेरस सल्फेटची फवारणी लागते आणि वाफसा आला की पीक बऱ्यापैकी सावरतं. पानावर पिवळे-हिरवे चट्टे, आणि तेही अधूनमधून एखाद्याच झाडावर, असं असेल तर तो पिवळा मोझॅक. विषाणूजन्य रोग, पांढरी माशी पसरवते. ती झाडं उपटून नष्ट करायची. आणि फक्त सखल भागातलंच पीक पिवळं असेल तर आधी पाणी काढा, बाकीचं नंतर बघू.

१. खणून बघा, उपटून नाही

खर्च शून्य, आणि निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

काळ्या मातीत झाड हातानं ओढलं की बारीक मुळं आणि गाठी मातीतच राहतात, हातात येतो तो नुसता सोटा. मग "गाठी नाहीत" असं वाटणारच. झाडाच्या चारही बाजूंनी वीतभर अंतर सोडून कुदळ मारा, वीतभर खोल ढेकूळ सगळंच्या सगळं उचला आणि बादलीत बुडवून ठेवा. माती आपोआप सुटू द्या. घाई करून चोळलं तर गाठी गळतात. हरभऱ्याचं रान कोरडं असेल तर आदल्या दिवशी त्या जागी तांब्याभर पाणी ओतून ठेवलं की काम सोपं जातं.

कधी बघायचं याला महत्त्व आहे. गाठी दिसायलाच उगवणीनंतर दोन-तीन आठवडे जावे लागतात. सोयाबीनमध्ये पेरणीपासून ३० ते ४० दिवस, हरभऱ्यात ३५ ते ४५ दिवस हा ठीक काळ. शेंगा भरत आल्या की गाठी आपोआप म्हाताऱ्या होतात, पोकळ पडतात. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन उपटून गाठी मेल्या म्हणणं म्हणजे काढणीला आलेल्या पिकाची पानं गळाली म्हणून रडण्यासारखं आहे.

रानात वेगवेगळ्या आठ-दहा जागांची झाडं घ्या. रस्त्याकडेचं एकच नको. गाठ नखानं किंवा ब्लेडनं कापा आणि आतला रंग बघा. लालसर किंवा गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. हवेतला नत्र पकडणारं गाठीतलं विकर मोकळ्या ऑक्सिजननं निकामी होतं, पण जिवाणूला श्वासासाठी ऑक्सिजन तर हवाच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि मोजूनमापून पुरवतं. आत पांढरं दिसलं तर गाठ एकतर अगदी कोवळी आहे किंवा निकामी जिवाणूची आहे. हिरवट-तपकिरी म्हणजे तिचं काम संपलं.

आकाराला फसू नका. सोयाबीनच्या गाठी ज्वारीच्या दाण्यासारख्या गोल आणि टणक असतात. हरभऱ्याच्या वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या, पोवळ्यासारख्या. सोयाबीनची सवय असलेला माणूस हरभऱ्याची चांगली गाठ बघून "हा कसला रोग" विचारतो. आणखी एक ओळख करून घ्या. सूत्रकृमीच्या (मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी मुळाच्या अंगातच फुगवटा आणतात, खरवडल्या तरी निघत नाहीत. जिवाणूची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटानं टिचकी मारली तरी सुटते.

गाठी कुठं आहेत तेही बघा. सोटमुळाच्या वरच्या भागात, देठाजवळ मोठ्या गाठींचा घोस असेल तर बियाण्याला लावलेला जिवाणू चालला, असं साधारण समजायचं. दूरच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या लहान गाठी बहुधा जमिनीतल्या मूळच्या जिवाणूंच्या. सोयाबीनच्या झाडाला फुलोऱ्याच्या सुमाराला आठ-दहा मोठ्या, आतून लाल गाठी असतील तर जिवाणूंचं ठीक चाललंय. पिवळेपणाचं कारण दुसरीकडे शोधा.

२. रिकामं पाकीट शोधा आणि वाचा

गोठ्यात, ट्रॅक्टरच्या पेटीत, कुठंतरी ते असतंच. त्यावर पिकाचं नाव काय आहे?

रायझोबियम हे एक औषध नाही, ती एक भावकी आहे आणि प्रत्येकाचं सोयरं ठरलेलं आहे. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो. हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा गट आणखी वेगळा, मेथी आणि लसूणघासाचा त्याहून वेगळा. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळाशी कितीही सोडला तरी गाठ धरणार नाही. मूळ जो रासायनिक सांगावा धाडतं, तो त्याला कळतच नाही.

आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक नेमकी हीच: जूनमध्ये सोयाबीनला आणलेल्या पुड्यांतली एक-दोन उरतात, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभऱ्याला वापरली जातात. जिवाणू चुकीचा, वर चार महिने पत्र्याखाली पडलेला. दुकानदारही "रायझोबियमच आहे की" म्हणून देतो. मागताना पिकाचं नाव सांगून मागा.

पाकिटावर आणखी तीन गोष्टी बघा. वापरायची अंतिम तारीख, बॅच नंबर आणि जिवंत जिवाणूंची संख्या. खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जैविक खतं आली आहेत. त्यानुसार भुकटीच्या पुडीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. हा आकडा छापलेलाच नसेल, किंवा "सर्व पिकांसाठी उपयुक्त चमत्कारी जिवाणू" एवढंच लिहिलं असेल, तर ते पाकीट डाळवर्गीय पिकासाठी विकत घेऊच नका. मिश्रणं वाईट नसतात. परभणीच्या विद्यापीठाचं बायोमिक्स मी स्वतः हळदीला, भाजीपाल्याला सुचवतो. पण सोयाबीनच्या गाठीसाठी सोयाबीनचाच रायझोबियम हवा. जीवामृताचंही तेच. द्यायचं तर जरूर द्या, पण रायझोबियमच्या जागी ते चालत नाही.

३. ते पाकीट पेरणीपर्यंत कुठं होतं?

रायझोबियमला बीजाणूचं कवच नाही. बॅसिलस जिवाणू किंवा ट्रायकोडर्मा बुरशी वाईट दिवस बीजाणू होऊन काढतात, याला ती सोय नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधलं तापमान ४५ अंशांवर जातं. तिथं आठवडाभर पडलेल्या पुडीत काय उरत असेल, याचा अंदाज करा. पेरणीच्या दिवशी ती ट्रॅक्टरच्या बोनेटवर दुपारपर्यंत तापत पडली असेल, तर चार तासही पुरेसे आहेत.

घेताना हात लावून बघा. भुकटीची पुडी हाताला किंचित ओलसर, भुसभुशीत लागली पाहिजे. कोरडी ठणठणीत, धूळ उडणारी पुडी परत करा. द्रवरूप बाटलीला आंबूस-कुजका वास, फुगलेलं तोंड, हे चांगलं लक्षण नाही. घरी माठाजवळ, सावलीच्या थंड कोपऱ्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको.

४. बीजप्रक्रिया: कशानंतर काय, आणि किती वेळानं

खरी गडबड इथं होते, म्हणून जरा सविस्तर.

क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. पहिली दोन्ही लावून बियाणं सुकू द्यायचं, आणि रायझोबियम अगदी पेरणीच्या तोंडावर. लोक तिन्ही एकाच टोपल्यात एकाच वेळी कालवतात, कारण मजूर थांबलेले असतात आणि आभाळ भरून आलेलं असतं. थायरम, कॅप्टन आणि तांबेयुक्त बुरशीनाशकं जिवाणूला सरळ मारतात. ओल्या अवस्थेत एकत्र आले की मारामारी जास्त.

कंपनीचं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं आणलं असेल तर त्याला बुरशीनाशक आधीच लावलेलं आहे, पुन्हा लावायची गरज नाही. अशा बियाण्याला रायझोबियमची मात्रा दीडपट-दुप्पट घ्या आणि तासाभरात पेरा. याहून चांगला मार्ग म्हणजे जिवाणूला बियाण्यापासूनच वेगळं ठेवायचं. पाकिटावर जमिनीतून द्यायची जी मात्रा लिहिलेली असते ती चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत सोडायची. कष्ट जास्त आहेत, पण थायरमशी गाठ पडत नाही.

हरभऱ्याला मर रोगासाठी ट्रायकोडर्मा लावणारे पुष्कळ आहेत आणि चांगलंच आहे ते. पण त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिमही लावलं तर ट्रायकोडर्माचे पैसे पाण्यात. ती बुरशी, आणि हे बुरशीनाशक. दोनपैकी एक निवडा. ट्रायकोडर्मा, रायझोबियम आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारा जिवाणू हे तिघं मात्र एकत्र नांदतात.

मात्रा: भुकटी असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमची एक पुडी, द्रवरूप असेल तर किलोला १० मिली. भुकटी चिकटावी म्हणून एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून, पूर्ण गार करून ते पाणी वापरतात. "पूर्ण गार" हे शब्द दोनदा वाचा. कोमट पाण्यात पुडी कालवणारे मी बघितलेत. आणि पाणी बेतानं. दाण्यावर पातळ थर बसला की पुरे, खाली ओघळ यायला नको.

सोयाबीनला इथं एक वेगळा धोका आहे. त्याचं टरफल नाजूक. जास्त पाणी पडलं की सुरकुततं, आणि हातानं चोळलं की फुटतं. मग उगवणच बसते आणि शेतकरी म्हणतो जिवाणूनं बियाणं मारलं. ताडपत्रीवर बियाणं पसरा, वरून शिंपडा, ताडपत्रीची दोन टोकं दोघांनी धरून बियाणं इकडून तिकडे लोळवा. हात घालायचा नाही. मग सावलीत अर्धा तास. उन्हात वाळवलं तर वाळतं लवकर, पण जिवाणूही त्याच वेगानं मरतो.

पेरताना बियाणं आणि खत एकाच पेटीत नको. डीएपी खताच्या दाण्याला चिकटलेला रायझोबियम क्षारानं मरतो. जुन्या दोन चाड्यांच्या पाभरीत हे आपोआप सांभाळलं जायचं, एका चाड्यात खत, दुसऱ्यात बी. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रातही दोन पेट्या असतातच, पण भाड्याच्या यंत्राची खताची नळी बुजलेली असली की चालक सगळं एकत्र ओतून मोकळा होतो. पेरणीच्या वेळी बांधावर उभे राहा.

आणि धूळपेरणी टाळा. कोरड्या, तापलेल्या मातीत पाऊस यायची वाट बघत दाणा आठ दिवस थांबेल, जिवाणू थांबणार नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर सोयाबीन पेरा, अशी शिफारस उगवणीसाठी आहे. तीच या जिवाणूलाही मानवते.

५. नत्र किती दिलं?

खताच्या पावत्या काढा. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद, म्हणजे एकरी साधारण १० आणि २०. एका डीएपीच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. म्हणजे एकरी एका बॅगेत नत्राचं काम भागलं. सोयाबीनलाही पेरणीच्या वेळी एवढाच हातभार पुरतो. त्यावर कुणी वीस दिवसांनी युरियाची बॅग फेकली असेल, किंवा पेरणीआधी ट्रॉलीनं कोंबडखत टाकलं असेल, तर गाठी न येण्याचं कारण सापडलं.

गाठ पोसायला झाडाला स्वतःची साखर खर्चावी लागते. मुळाशी तयार नायट्रेट आयतं मिळत असेल तर ते हा खर्च करतच नाही, जिवाणूला दारच उघडत नाही. म्हणून ते हिरवंगार, माजलेलं आणि बिनगाठीचं पीक. जुलैत देखणं दिसतं, पण दाणा भरायच्या वेळी जमिनीतलं नत्र संपलेलं आणि गाठी नाहीत, अशी त्याची गत होते.

हिशेब करून बघा. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं. एकरी १० क्विंटल दाणा म्हणजे ४०० किलो प्रथिनं, त्यांत साधारण ६४ किलो नत्र. डीएपीतून दिलं ९ किलो. उरलेलं जमिनीतून आणि गाठींतूनच यायचं आहे. युरियातून भरून काढायचं म्हटलं तर ४५ किलोच्या बॅगेत २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे जवळपास अडीच-तीन बॅगा, तेही सगळं पिकानंच उचललं असं धरून.

६. पाणी आणि हवा

गाठीला श्वास लागतो. रानात तीन-चार दिवस पाणी साचलं की गाठी गुदमरतात, नव्या धरत नाहीत. भारी काळ्या रानात रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या सोयाबीनला हा त्रास कमी होतो. उलट लांब उघडीप पडली तरी गाठी गळतात. पाणी काढून द्या, कोळपणी करून माती मोकळी करा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा खणून बघा. नव्या गाठी दिसल्या तर पुढं काही करू नका.

७. बिवड आणि माती

याआधी त्या रानात काय होतं? सोयाबीन आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आलं ते गेल्या तीस-चाळीस वर्षांत, त्याचा जिवाणू इथल्या मातीत मुळात नव्हता. जे रान वर्षानुवर्षं सोयाबीनखाली आहे तिथं आता तो रुळलाय. अशा रानात पुडी लावली काय, नाही लावली काय, फरक कमी दिसतो. हे विकणारे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. पण ऊस मोडून पहिल्यांदाच सोयाबीन घेताय, तर जिवाणू लावण्यात कसूर नको, फायदा तिथंच सगळ्यात जास्त. (उसात अॅट्राझिन मारलेलं असेल तर त्याचा अंश डाळवर्गीय पिकाला नडू शकतो, तेही लक्षात असू द्या.)

आता माती परीक्षण करा. त्यात सामू (पीएच), क्षारता, उपलब्ध स्फुरद आणि मुक्त चुना हे चार आकडे बघायचे. गाठीच्या कामाला स्फुरद भरपूर लागतं, आणि आपल्या चुनखडीच्या रानांत दिलेलं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं. स्फुरद विरघळवणारे जिवाणू इथं उपयोगी पडतात, पण ते नवीन स्फुरद आणत नाहीत, असलेलं मोकळं करतात. कोकणातल्या जांभ्या जमिनीत गणित उलटं आहे. तिथं आम्लता जास्त, मॉलिब्डेनम मिळत नाही, आणि गाठीतल्या विकराला तो लागतोच. त्यामुळे तिकडच्या वाल-चवळी-भुईमुगाला मराठवाड्याचा सल्ला जसाच्या तसा लावू नका.

८. पुडीचीच परीक्षा घ्या

वरचं सगळं ठीक असेल आणि शंका पुडीवरच असेल, तर घरच्या घरी कुंडी चाचणी होते. नदीची वाळू धुऊन घ्या, कढईत किंवा मोठ्या पातेल्यात चांगली तापवून गार करा. तळाला भोक पाडलेली चार डबडी भरा. दोन डबड्यांत बिनऔषधाचं साधं बी, दोनमध्ये तेच बी जिवाणू लावून. साध्या बियाण्याची डबडी आधी पेरा, हात धुवा, मग दुसरी. पाणी उकळून गार केलेलं. दोन्ही जोड्या एकमेकींपासून लांब ठेवा, शिंतोडे उडतात.

साधारण चार आठवड्यांनी वाळू धुऊन मुळं बघा. जिवाणू लावलेल्या डबड्यांत गाठी आणि साध्यांत नाहीत, तर पुडी जिवंत आहे, घोटाळा रानात किंवा वापरात आहे. दोन्हींत नाहीत, तर पुडी मेलेली. दोन्हींत आल्या, तर तुमची चाचणी बाटली, वाळू नीट तापली नव्हती.

आणि पुढच्या हंगामात रानाच्या मधोमध चार तास (पेरणीच्या ओळी) बिनजिवाणूचे सोडा, दोन्ही टोकांना खुंटी ठोका. आधी हे चार तास पेरा, कारण नंतर यंत्राला जिवाणू लागलेला असतो. तुमच्या रानात पुडीचा फायदा होतो की नाही, हे या चार तासांइतकं सरळ कुणीही सांगणार नाही, मीसुद्धा नाही.

उभ्या पिकाचं आता काय?

गाठी अजिबात नाहीत आणि पीक पिवळं आहे, हे खणून पक्कं झालं असेल, तर या हंगामात जिवाणूंचा नाद सोडा आणि नत्र द्या. सोयाबीनला वाफशावर एकरी २० ते २५ किलो युरिया कोळपणीबरोबर, किंवा फुलोऱ्याआधी २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. हरभऱ्याला फुलोऱ्यात २ टक्क्यांची फवारणी बरी, जमिनीतून युरिया देऊन पाणी दिलं तर तो नुसता माजतो आणि घाटे कमी लागतात.

गाठी थोड्या का होईना पण आतून लाल आहेत, तर जमिनीतून युरिया देऊ नका. आहेत त्याही बसतील. चाळिसाव्या दिवशी रायझोबियमची आळवणी करा म्हणणारे भेटतील. एवढ्या उशिरा त्याचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

मुळांवर सूत्रकृमीचे फुगवटे दिसले तर. झाडं जागोजागी वाळत असतील, मूळ चिरल्यावर आत काळपट-तपकिरी रेघ दिसत असेल किंवा साल सुटून येत असेल तर, कारण ती मर किंवा मूळकूज आहे आणि अंदाजानं औषध ओतून पैसे जातात. सामू ८.५ च्या वर गेला असेल, रान चोपण असेल, पाऊस पडला की चिखल आणि वाळलं की दगड होत असेल तर. अशा रानात कुणाच्या सांगण्यावरून जिप्समच्या गोण्या ओतू नका. किती लागेल आणि लागेल की नाही, हे प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून ठरतं. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या मृदा किंवा पीक संरक्षणाच्या तज्ज्ञाला मुळासकट, मातीच्या ढेकळासकट झाड ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या. मोबाईलवरच्या पानाच्या फोटोवरून हे कळत नाही.

आणि पुडी मेलेली निघाली तर दुकानात भांडू नका, त्यातून काही निष्पन्न होत नाही. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. पक्की पावती, बॅच नंबर दिसेल असं रिकामं पाकीट आणि जमल्यास त्याच बॅचची न फोडलेली पुडी लागेल. उघडलेल्या पुडीचा नमुना कुणी ग्राह्य धरत नाही. अधिकृत नमुना खत निरीक्षक दुकानातून, पंचांसमोर, मुदत संपायच्या आत घेतो, म्हणून तक्रार जुलैतच करायची. पावती नसेल तर हा मार्ग तुमच्यासाठी बंद आहे.